डबा घेताय तर त्याचं सोंगही मागून घ्या

२०१९ चा गुढीपाडवा ६ एप्रिलला होता आणि दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी पुण्यात अजून अंथरुणातच असताना देवगडहून काकांचा फोन आला. नमस्कार नाही, बरा आहेस का नाही, थेट विषय, "काय रे, ह्यो डबो येडो झालो काय?"

डबो म्हणजे त्यांच्या लाँचवरचा जीपीएस. जुना, सेकंडहँड घेतलेला, स्क्रीनचा एक कोपरा काळा पडलेला. जागा अगदी बरोबर दाखवत होता, अक्षांश-रेखांश सगळं ठीक, फक्त तारीख दाखवत होता २२ ऑगस्ट १९९९. आणि एकदा तारीख गेली की तिच्यावर चालणारं बाकीचं पण जातं, म्हणजे त्यातलं भरती-ओहोटीचं पान. अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले, समुद्राला चांगलं उधाण, आणि डबा शांतपणे भांगाची, म्हणजे कमी पाण्याची, भरती दाखवतोय. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला असतो, आत शिरताना किती पाणी आहे हे कळायला लागतं, नाहीतर लाँच रुतते. काकांचं काही बिघडलं नाही कारण त्यांनी ते पान कधी उघडलंच नव्हतं, खलाशाने चाळा म्हणून उघडलं तेव्हा समजलं. मी विचारलं मग तुम्ही भरती कशी बघता, तर म्हणाले, "माका चंद्र दिसता, ह्येका दिसना नाय, इतक्याच."

झालं असं होतं की जीपीएसचे उपग्रह आठवड्याचा जो नंबर पाठवतात त्याला जागाच दहा बिटची आहे, शून्य ते १०२३, त्याच्यापुढे परत शून्य. १०२४ आठवडे म्हणजे साधारण एकोणीस वर्षं आणि साडेसात महिने. ते चक्र ७ एप्रिल २०१९ ला आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला पूर्ण झालं. उपग्रहांचं काही चुकलं नाही, हे असं होणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं. चुकलं ते डब्यातल्या सॉफ्टवेअरचं, "शून्य आला म्हणजे १९९९ नव्हे, नवीन फेरी सुरू झाली" एवढं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ते ज्याने लिहिलं त्या बिचाऱ्याला मी शिव्या तरी काय देऊ, मी पण तेच काम करतो. त्याच्या टेबलावर डबा होता, बाहेर तेव्हाचं साल होतं, त्या सालात डबा नीट चालला, पाठवून दिला. २०१९ उजाडेपर्यंत टेबलाशी बसून कोण राहणार?

पण वाट बघायची गरजच नव्हती, आणि माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

फुल सिस्टिम सिम्युलेशन नावाचा प्रकार आमच्या धंद्यात बराच जुना आहे. नाव जड आहे, गोष्ट सोपी. एखाद्या यंत्राचा प्रोसेसर, मेमरी, टायमर, सिरीयल पोर्ट, फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी), नेटवर्क, असेल नसेल ते सगळं सॉफ्टवेअरमध्येच उभं करायचं आणि त्याच्यावर त्या यंत्राचं खरं सॉफ्टवेअर, जे गिऱ्हाइकाकडे जाणार तेच, एक बाइटही न बदलता चालवायचं. त्या सॉफ्टवेअरला कळत नाही की आपण खऱ्या चिपवर नाही, कुणाच्या तरी लॅपटॉपच्या पोटात आहोत. मोबाईल ॲप लिहिणारी पोरं अँड्रॉइडचा एम्युलेटर रोज वापरतात ना, त्याच्या आत क्यूएमू आहे, फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३ मध्ये सुरू केलेला, फुकट, कुणीही उतरवून घ्यावा.

मी याला घरी सोंग म्हणतो, कारण आईला समजवायचं होतं आणि दशावतार तिने शंभरदा बघितलाय. दशावतारात नेपथ्य म्हणजे काय तर एक बाकडं, तेच इंद्राचं सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर, आणि पहाटेपर्यंत कुणाला काही कमी पडत नाही कारण त्या नाटकाला तेवढंच लागतं. सोंग बांधताना पण हेच ठरवायचं असतं की कितपत बांधायचं. क्यूएमू हे बाकडंवालं सोंग, प्रोसेसरने सूचना दिली तर उत्तर बरोबर येणार, पण खऱ्या चिपला त्याला किती घटका, म्हणजे तिच्या घड्याळाचे ठोके, लागल्या असत्या याची पर्वा नाही, म्हणून भराभर चालतं, लिनक्ससारखी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम मिनिटाच्या आत उभी राहते. दुसऱ्या टोकाला जेम-फाइव्हसारखी हत्यारं, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या दोन विद्यापीठांतली दोन वेगवेगळी कामं एकत्र करून २०११ मध्ये झालेलं, त्यात कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीत, काय सापडलं, मेमरीला किती उशीर झाला, पाइपलाइन कुठे अडली, सगळं घटकेघटकेने मोजता येतं, पण बारीक मोडमध्ये लिनक्स चालू करायला घातलं तर जेवून झोपून उठलात तरी अजून चालूच असतं. नवीन चिप कशी करायची हे ठरवणाऱ्यांना ते लागतं. डबा नीट वागतो की नाही हे बघणाऱ्याला बाकडं पुरतं. हा फरक न समजल्याने अर्धे लोक "सिम्युलेशन फार स्लो असतं" म्हणतात आणि उरलेले अर्धे "ते खरं नसतं" म्हणतात.

आणि हे काय परवा निघालेलं फॅड नाही. १९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअर नावाच्या मशीनसाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहिली तेव्हा दोघांकडे अल्टेअर नव्हतंच. ॲलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या कॉम्प्युटरवर इंटेलच्या ८०८० चिपचं सोंग बांधलं, त्याच्यावर सगळं लिहून तपासलं, कागदी टेप घेऊन विमानाने अल्टेअर बनवणाऱ्यांकडे अल्बुकर्कीला गेला आणि खऱ्या मशीनवर पहिल्यांदा तिथेच चालवलं. दोन अधिक दोन विचारलं, चार आलं. किंवा एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीचं घ्या, ६४ बिटच्या नव्या रचनेचा पूर्ण तपशील त्यांनी २००० साली जाहीर केला, पहिली ऑप्टेरॉन चिप विकायला आली एप्रिल २००३ मध्ये, पण मधल्या काळात लिनक्सवाले हात बांधून बसले नाहीत, त्यांनी सिम्युलेटरवर लिनक्स चढवून ठेवलं आणि चिप आली तेव्हा सॉफ्टवेअर तयार होतं. तुम्ही आत्ता हे ज्या कॉम्प्युटरवर वाचताय तो बहुतेक त्याच घराण्यातला असेल.

आता म्हणाल हे सगळं त्या मोठ्या कंपन्यांचं, देवगडच्या जेटीचा काय संबंध. सांगतो, पण आधी माझी एक गजाल ऐका.

गेल्या पावसाळ्यात मी गावी बसून एका गिऱ्हाइकासाठी छोटा लॉगर करत होतो, तापमान आणि बॅटरी लिहून ठेवणारा, बर्फाच्या पेट्यांत ठेवायचा. त्याला नवीन सॉफ्टवेअर भरताना लाइट गेली. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाइट जाणे ही बातमी नाही, आली तर फोन करून सांगतात. बोर्ड ॲडाप्टरवर होता, लाइट आली तेव्हा तो मेलेला, ना दिवा ना काही. म्हटलं बघू कुठे चुकतंय, दुसरा बोर्ड घेतला आणि सॉफ्टवेअर भरता भरता हाताने पिन ओढायला लागलो. चाळीसेक वेळा ओढली. एकदाही मेला नाही. प्रत्येक वेळी शहाण्यासारखा जुन्या सॉफ्टवेअरवर परत यायचा. याचा अर्थ बरा आहे असा नव्हे, याचा अर्थ मला ते भोक सापडत नाहीये.

मग तोच सगळा प्रकार क्यूएमूमध्ये नेला. फ्लॅशच्या मॉडेलमध्ये वीस-पंचवीस ओळी घातल्या, काय तर एक आकडा द्यायचा, तेवढ्याव्या लेखनानंतर वीज गेली असं समज. अपडेट पूर्ण व्हायला साधारण तीन हजार लेखनं लागत होती, म्हणून एक साधी स्क्रिप्ट, पहिल्या लेखनानंतर मार, परत चालू कर, उठला का बघ, मग दुसऱ्यानंतर मार, मग तिसऱ्यानंतर, असं तीन हजार वेळा. रात्री लावून झोपलो. सकाळी चहा घेऊन बघतो तर तीन हजारातल्या तीन ठिकाणी डबा मेलेला, तिन्ही एकमेकांना चिकटून, अगदी शेवटाला. चूक एकदम फालतू होती, "नवी प्रत पूर्ण झाली" हा शिक्का मी शेवटचं पान लिहायच्या आधीच मारत होतो. खऱ्या वेळेत बघायला गेलं तर ती फट काही मिलिसेकंदांची, हाताने पिन ओढून जन्मात सापडली नसती, पण हजार पेट्या कोकणात वाटल्या असत्या तर लाइटने ती बरोबर शोधून काढली असती. आणि सोंगातली अजून एक मजा म्हणजे तिथे तीच चूक हजार वेळा हुबेहूब तशीच घडवता येते. सगळी अवस्था फोटो काढल्यासारखी साठवायची, परत तिथून सोडायची. सिमिक्स म्हणून एक सिम्युलेटर आहे, मूळचा स्वीडनमधला, आता इंटेलकडे, त्यात तर काळ उलटा चालवायची सोय केली होती, मशीन मेलं तिथून एकेक सूचना मागे मागे जात कुणी मारलं ते बघायचं. खऱ्या बोर्डाला मागे जा म्हणून सांगून बघा.

आता मुद्द्यावर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एक योजना सुरू झाली, वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं त्याच कार्यक्रमात, म्हणून ही बातमी थोडी झाकली गेली. देशातल्या १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख मच्छीमार नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपॉन्डर बसवायचे, खर्च सुमारे ३६० कोटी. तंत्र इस्रोचं. मोबाईलची रेंज संपते तिथून पुढे समुद्रात दोन्ही बाजूंनी मेसेज जातो-येतो, वादळाचा इशारा बोटीपर्यंत पोचतो, बोट संकटात असेल तर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, कळवू शकतो. मला ही योजना आवडते, उघड सांगतो. तौक्ते आलं तेव्हा, मे २०२१, मी गावीच होतो, कितीतरी दिवस लाइट नव्हती, फोन नव्हते, बंदरात कुणाचं काय झालं ते चालत जाऊन बघायला लागायचं. अशा वेळी हा डबा म्हणजे काय चीज आहे हे बंदरावरच्या माणसाला सांगायला लागत नाही. त्या डब्यात काही खोट आहे असंही मी म्हणत नाही, मी तो उघडून बघितलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारी पैशाने असा कुठलाही डबा घेताना, मग तो बोटीवरचा असो, वीजमीटर असो, एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन असो की धरणावरचं पाणी मोजायचं यंत्र असो, निविदेतच एक अट असावी की डब्याबरोबर त्याचं चालतं सोंग पण द्यायचं. म्हणजे त्या डब्याचं असं मॉडेल, ज्याच्यावर डब्यातलं खरं सॉफ्टवेअर जसंच्या तसं चालेल. आणि प्रत्येक नवीन अपडेट बोटीवर पोचायच्या आधी त्या सोंगावर, पुरवठादार सोडून दुसऱ्या कुणीतरी, कोकणातल्या परिस्थितीत चालवून बघितलेलं असावं.

कोकणातली परिस्थिती म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण दिल्लीत किंवा बंगळुरात बसून हे सुचत नाही, तो त्यांचा दोष नाही, त्यांनी बघितलेलं नसतं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ६१ दिवस. लाँच ओढून किनाऱ्यावर घेतात, वर झापं किंवा ताडपत्री, बॅटऱ्या काढून घरी नेतात. म्हणजे डबा ६१ दिवस पूर्ण बंद. आतलं घड्याळ ज्या छोट्या सेलवर चालतं तो सेल जुना असेल तर घड्याळ पण मेलेलं. मग १ ऑगस्टला बोट परत पाण्यात, बॅटरी जोडली, डबा उठला. त्याला आता तारीख माहीत नाही, उपग्रह कुठे असतील त्याची जुनी माहिती शिळी, दोन महिन्यांत आलेलं एखादं अपडेट भरायचं राहिलेलं, बॅटरी पूर्ण चार्ज नाही कारण कालपर्यंत ती घरच्या इन्व्हर्टरला लावली होती, इंजिन स्टार्ट करताना व्होल्टेज धाडकन खाली येतं, आणि हे सगळं एकाच बोटीवर नाही, वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत शेकडो बोटींवर एकाच सकाळी. हवा पण त्या दिवसांत भरवशाची नसते. नेमका त्या दिवशी डबा रुसला तर?

ही एक टेस्ट खऱ्या डब्यावर करायची तर ६१ दिवस बसा, आणि एक चूक सापडली, दुरुस्त केली, की परत ६१ दिवस. सोंगात ६१ दिवस म्हणजे घड्याळाचा आकडा पुढे ढकलणे, एक क्षण. व्होल्टेज खाली आणणे म्हणजे एक ओळ. पाचशे बोटी एकदम उठवायच्या तर पाचशे सोंगं एकमेकांना जोडून चालवायची, मोठा सर्व्हर लागेल, पण पाचशे बोटी तर लागणार नाहीत. आणि हे पण बघा, जीपीएसचं ते आठवड्यांचं चक्र परत पूर्ण होणार आहे २१ नोव्हेंबर २०३८ ला, आपल्याकडे पहाटे साडेपाचला, भर सीझनमध्ये. त्याच वर्षी १९ जानेवारीला सकाळी पावणेनऊच्या सुमाराला ज्या ज्या यंत्रात वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत, अधिक-उणे चिन्हासकट ३२ बिटमध्ये, मोजलेली आहे ती गडगडणार आहेत. आज बोटीवर लावलेला डबा तेव्हा असेल का? काकांचा डबा बघितला तर मला शंका नाही की असेल. आपल्याकडे चालतंय तोपर्यंत टाकत नाहीत.

यावर मला जे ऐकवलं जातं ते पण सांगतो. पुरवठादार म्हणतात की मॉडेल दिलं तर आमचं गुपित बाहेर जाईल. हे खरं नाही, किंवा फार थोडं खरं आहे. सोंगाला लागतं ते प्रोग्रॅमरला दिसणारं अंग, कुठल्या पत्त्यावर कुठलं रजिस्टर, त्यात काय लिहिलं की काय होतं. आतलं सर्किट, अँटेनाची रचना, यातलं काही नको. शिवाय मॉडेल बांधलेल्या स्वरूपात द्या, सोर्स देऊ नका, कुलूप लावून द्या, आमचं काही म्हणणं नाही, फक्त चाललं पाहिजे. उद्या कंपनी बुडाली किंवा तिने तो माल बंद केला तर निदान त्या एक लाख डब्यांचं काय करायचं हे दुसऱ्या कुणाला बघता तरी येईल.

खर्चाचं म्हणाल तर बहुतेक डब्यांतले प्रोसेसर या हत्यारांना आधीच येतात. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरचंसुद्धा एक मशीन क्यूएमूच्या यादीत आहे, आपला देशी, नावासकट. राहतात त्या आजूबाजूच्या चिपा, रेडिओ, बॅटरी मोजणारी वगैरे, त्यांची मॉडेलं लिहायला लागतात, ते काम आहे, कंटाळवाणं काम आहे, पण ते एकदाच करायचं असतं आणि कोट्यवधींच्या खरेदीत तो आकडा चहापाण्यात जाईल. करणार कोण? पोरं करतील. लोणेरेला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, मालवणला सरकारी तंत्रनिकेतन आहे, दर वर्षी तिथली मुलं प्रोजेक्ट म्हणून तेच तेच करतात, ओळीवरून चालणारी गाडी आणि मोबाईलवरून लागणारा बल्ब. एका कॉलेजात मी पाहुणा म्हणून गेलो होतो, नाव नको, तिथे महागडे बोर्ड काचेच्या कपाटात कुलूपबंद, जळतील म्हणून मुलांच्या हातात देत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, जळला तर जबाबदारी कुणाची. सोंगातला बोर्ड जळत नाही, पन्नास मुलांना पन्नास देता येतात आणि हॉस्टेलवर रात्री दोनला पण चालतो. अशा मुलाला जर सांगितलं की हे बघ, तुझ्या बापाच्या बोटीवर हा डबा लागणार आहे, याला मारून दाखव, तर तो मारून दाखवेल. देवगड-मालवणच्या पोरांना कुणाचं कुठे चुकतं हे दाखवायला शिकवावं लागत नाही.

आता ज्या आक्षेपाला मी खरोखर मान देतो तो. सोंग म्हणजे देव नव्हे. संकासुराचं सोंग घेतलेल्याला कुणी खरा राक्षस समजत नाही, मग तुम्ही लॅपटॉपमधल्या डब्याला खरा डबा कसं समजता? याचा फटका मीच खाल्लाय. सोंगात सिरीयल पोर्टवर अक्षर पाठवलं की ते तत्क्षणी गेलेलं असतं, पोर्ट कायम मोकळा. मी पोर्ट मोकळा आहे का हे विचारायलाच विसरलो होतो, सोंगात महिनाभर सगळं छान, खऱ्या बोर्डावर पहिल्याच दिवशी मेसेजमधली निम्मी अक्षरं गायब. सोंगाने मला चूक माफ केली होती, समुद्राने केली नसती. आणि खारी हवा, गंज, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, यातलं काही सोंगात येत नाही, त्याला मिठाच्या फवाऱ्याची खरी पेटी लागते आणि काकांसारखा माणूस लागतो जो डबा भिजलेल्या हाताने आपटून बघतो. चिप बनवणाऱ्यांनासुद्धा हे चुकलेलं नाही, इंटेलच्या पेन्टियम चिपच्या भागाकाराच्या तक्त्यात काही रकाने भरायचे राहिले होते, १९९४ मध्ये ते उघडकीला आलं, एवढ्या मोठ्या कंपनीच्या सगळ्या चाळणीतून ती चूक सुटली आणि ४७.५ कोटी डॉलरला पडली.

पण सोंग अपुरं आहे म्हणून ते करूच नये असं म्हणणाऱ्यांना मी आरियान ५ ची गोष्ट सांगतो, कारण ती नेमकं उलट दाखवते. ४ जून १९९६, युरोपचं नवं रॉकेट, पहिलंच उड्डाण, चाळीस सेकंदांच्या आत तुकडे तुकडे. दिशा सांगणारं जे यंत्र त्यात होतं ते आधीच्या आरियान ४ वरून जसंच्या तसं उचललेलं. नवं रॉकेट जास्त जोरात आडवं जायचं, त्यामुळे एक आकडा इतका मोठा झाला की ६४ बिटमधून १६ बिटमध्ये कोंबताना मावला नाही, यंत्र बंद पडलं, जोडीला ठेवलेलं दुसरं यंत्र पण त्याच सॉफ्टवेअरचं म्हणून तेही त्याच कारणाने बंद, आणि रॉकेटच्या कॉम्प्युटरने त्यांच्या मरणाच्या मेसेजला उड्डाणाची माहिती समजून नोझल वळवले. आता गंमत बघा. त्यांच्याकडे सिम्युलेशन होतं. जमिनीवर अख्खं उड्डाण चालवून बघायची सोय होती. पण त्या चाचण्यांत हेच एक यंत्र खरं जोडलेलं नव्हतं, त्याच्या जागी एक साधं सॉफ्टवेअर बसवलेलं, जे नेहमी शहाण्यासारखं उत्तर द्यायचं, कारण हे यंत्र आधीच्या रॉकेटवर पास झालेलं आहे, त्याला परत काय तपासायचं. आणि त्या यंत्राला नव्या रॉकेटचा मार्ग देऊन वेगळं पण कुणी चालवलं नाही. चौकशी समितीने तेच लिहिलं, की हे आधी करून बघितलं असतं तर चूक सापडली असती. सोंग होतं, पण ते "फुल" नव्हतं. ज्या पात्राने शेवटी घात केला तेच पात्र तालमीला आलं नव्हतं.

म्हणून निविदेत नुसतं "सिम्युलेशन केलेले असावे" असं लिहून भागणार नाही, आपल्याकडे तर नाहीच, एक सर्टिफिकेट जोडतील गोल शिक्क्याचं आणि विषय संपेल. डब्यातलं खरं सॉफ्टवेअर, बोटीवर जाणार तेच, त्यातला बूटलोडर, म्हणजे डबा चालू होताना सगळ्यात आधी उठणारा भाग, तो पण, अपडेट करणारा भाग पण, आणि ज्या पात्राबद्दल सगळे म्हणतात "ते ठीक आहे हो, मागच्या वेळी चाललं" ते पात्र तर सगळ्यात आधी. आणि चाचणीचं कथानक बंदरावर बसून लिहायचं. मत्स्यखात्याच्या माणसाने दोन तांडेल, एक डिझेल मेकॅनिक आणि एक बर्फवाला यांना चहा पाजून विचारावं की डबा कधी कधी बंद पडतो, तासाभरात त्याच्याकडे चाळीस टेस्ट होतील, त्यातल्या दहा मला पण सुचल्या नसत्या. उंदराने वायर खाल्ली ही त्यातली एक असेल, आणि ती पण सोंगात करता येते, अर्धवट तुटलेली वायर म्हणजे अधूनमधून हरवणारा सिग्नल.

हे लिहिता लिहिता मला जरा लाज वाटली, कारण काकांच्या लाँचसाठी मीच एक छोटा डबा करून दिलाय दोन वर्षांपूर्वी, जाळं कुठे टाकलं ते तारखेसकट लिहून ठेवणारा. दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय तर आपला बघावा म्हणून काल रात्री त्याचं सोंग काढलं आणि घड्याळ नेऊन ठेवलं १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं. चव्वेचाळीसावं मिनिट अर्धं पण झालं नाही तोवर नोंदीतली तारीख उडी मारून बसली १४ डिसेंबर १९०१ वर, रात्री सव्वादोन. एक जुनी लायब्ररी मी न बघता वापरली होती, वेळ ३२ बिटमध्ये. सकाळी काकांना फोन करून सांगितलं की बारा-तेरा वर्षांनी तुमचा डबा तुम्हाला १९०१ मध्ये नेणार होता, मी आता दुरुस्त करतोय.

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "एकोणीसशे एक? म्हणजे शिडाचा गलबत. मगे रवांदे, डिझेल तरी वाचतला."